सत्तावीस नंबर बेपत्ता

पहिली बादली

पहिली बादली ओतली तेव्हा सायकलवरून लाल चिखल ओघळला आणि खालून पांढरा रंग निघाला. अर्धेसाहेब मोरीत उकिडवे बसून त्या पांढऱ्याकडे बघतच राहिले. त्यांची सायकल हिरवी होती.

"अगं, आपली सायकल हिरवी होती ना?"

"तीन वर्षं माझ्याकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघतोयस," बायको आतून म्हणाली, "आणि रंग मला विचारतोस?"

अर्धेसाहेब हे काही त्यांचं आडनाव नव्हे. तीनशे किलोमीटरची सायकलफेरी ते लागोपाठ तीन वर्षं अर्ध्यातून सोडून आले, म्हणून ऑफिसनं केलेलं हे बारसं. पण चौथ्या खेपेला, म्हणजे काल, रात्रभर वादळ अंगावर घेत ते पहाटे शेवटच्या कमानीखालून गेले. स्वागताचा तंबू वाऱ्यानं केव्हाच नेला होता. माणूस म्हणून कुणी नव्हतं. सायकलच्या नंबरपट्टीतली चिप यंत्रानं वाचली, अंधारात 'टीं' झालं, एवढाच सत्कार. पण पोचले! सोमवारी यादी लागली की ते नाव कायमचं पुसलं जाणार होतं.

घरी येताच, गंज चढू नये म्हणून, त्यांनी झोपेतच साखळी काढून रॉकेलमध्ये टाकली, मागच्या चाकातले छर्रे वाटीत काढले आणि आडवे झाले. उठले दुपारी तीनला. आभाळ असं भरलेलं, की मोरीत दिवा लावावा लागला.

दुसरी बादली

दुसऱ्या बादलीतून घंटी निघाली.

त्यांनी जन्मात सायकलला घंटी लावली नव्हती. पण शेवटचे नव्वद किलोमीटर दर खड्ड्याला कुणीतरी कानाशी बारीक 'टिण्' करत होतं, हे आता त्यांना आठवलं. तेव्हा वाटलं, जागरणानं कान वाजतायत. सीट बोटभर खाली गेल्यासारखी वाटली, तेव्हा वाटलं, थकून पाय लांबले असतील. माणूस दमला की स्वतःची समजूत फार स्वस्तात काढतो.

त्यांनी घंटीला बोट लावलं.

फोन वाजला.

बायकोचा. त्यांचा स्वतःचा रात्रीच पाणी पिऊन गेला होता. बायकोनं स्पीकर लावला.

"वहिनी, फेरीच्या ऑफिसातून बोलतोय. जरा बसून घ्या. सत्तावीस नंबर तुमचे मिस्टर ना? ते पोचलेले नाहीत."

"म्हणजे?"

"सकाळी दोनशे दहा किलोमीटरवर त्यांची सायकल भिंतीला उभी होती. माणूस नव्हता. दुपारी बघितलं तर सायकलही नाही. माणसं शोधतायत, नाल्याकडेनंसुद्धा."

"अहो, ते इथं मोरीत बसलेत!"

पलीकडचा आवाज फार मऊ झाला. "होतं असं, वहिनी. जवळच्या माणसाला तसं दिसतं. घरात मोठं कुणी आहे का?"

बायको मोरीच्या दारात आली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. मग, नको नको म्हणताना, त्याच्या पायांकडे पाहिलं. पाय सरळच होते.

"मी बोलतोय!" अर्धेसाहेब ओरडले. "मी पोचलोय!"

"अरे बापरे," फोन म्हणाला आणि बंद झाला.

तिसरी बादली, लाथेनं

ते ताडकन उठले आणि पाय बादलीला लागला. पाण्याच्या लोंढ्याबरोबर वाटी उलटली आणि छर्रे एकामागून एक मोरीच्या भोकात गेले. टिक. टिक. टिक. बराच वेळ खालून आवाज येत राहिला. घर होतं त्यापेक्षा खोल असावं तसा.

पाणी ओसरलं तेव्हा नंबरपट्टी धुऊन निघाली होती. त्रेसष्ट.

मग त्यांना सगळं दिसलं. दोनशे दहा किलोमीटरवरचा शाळेचा व्हरांडा. भिंतीला तीस सायकली, सगळ्या चिखलानं एका आईच्या लेकी. ते वीस मिनिटं बसल्या बसल्या झोपले, उठले आणि हाताला आली ती घेऊन निघाले.

"म्हणजे त्रेसष्ट पोचला," बायको हळूच म्हणाली. "आणि तू अजून वाटेतच आहेस."

बादली नाही

दारावरची बेल वाजली. बाहेर एक गोलसर, भिजलेला माणूस हिरवी सायकल धरून उभा होता.

"मी त्रेसष्ट," तो म्हणाला. "टेम्पोनं आलो. पत्ता यादीत मिळाला."

"हे बघा, तुमच्या सायकलचं जरा..." अर्धेसाहेबांनी मोरीकडे हात केला. त्यानं उघडं चाक पाहिलं, रॉकेलमधली साखळी पाहिली.

"राहू द्या हो. मी दोनशे दहालाच हरलो होतो. ताप चढला, वर्गात जाऊन पडलो. दुपारी उठलो तर फोनवर अभिनंदनंच अभिनंदनं. यंत्रानं घरी मेसेज पाठवला होता."

"तो मेसेज माझा आहे. आत्ता दुरुस्त करून घेऊ."

"घेऊ की," तो म्हणाला. इतक्यात त्याचा फोन वाजला आणि तो खाडकन सरळ उभा राहिला. फोनमधला भारदस्त आवाज सगळ्या खोलीला ऐकू गेला.

"जावईबापू, निघालात का? सगळे थांबलेत जेवायचे."

"हो, मामा. निघतोच." त्यानं फोन ठेवला. कान लाल झाले होते. "सासरे होते. चौदा वर्षं मला 'तो' म्हणायचे. 'तो आला का, तो जेवला का.' आज उठल्यापासून..."

अर्धेसाहेबांनी बायकोकडे पाहिलं.

"मला तर तू घरात दिसतोयस," ती म्हणाली. "अजून कुणाकुणाला दिसायचंय ते तुझं तू ठरव."

तिचा फोन पुन्हा वाजला. "वहिनी, धीर सोडू नका..." अर्धेसाहेबांनी तो हातात घेतला. घसा खाकरला. सोमवारची यादी डोळ्यांपुढून एकदा वरपासून खालपर्यंत सरकून गेली.

"शोध थांबवा. सत्तावीस सुखरूप आहे. दोनशे दहाला फेरी सोडली त्यानं, घरी येऊन झोपलाय."

"सुटलो! आपण कोण?"

"मी त्रेसष्ट. सायकल पोचवायला आलोय."

गोलसर माणूस मटकन खुर्चीत बसला.

"अरे वा, अभिनंदन साहेब! काय रात्र काढलीत! त्या सत्तावीसचं मात्र नवल वाटतं. चौथी खेप ही. दरवेळी अर्ध्यातून. काही माणसांत ती धमकच नसते, नाही का?"

"नसते," अर्धेसाहेब म्हणाले.

"तुमची ओळख आहे का त्यांची?"

मोरीतल्या आरशात चिखलानं माखलेला एक माणूस कानाला फोन लावून उभा होता. अर्धेसाहेबांनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं.

"तोंडओळख आहे."