एकाच नावाच्या डिस्क

सकाळचा एक्स-रे संगणकातून नाहीसा झाला, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरीणबाई जेवढ्या चिडल्या, तेवढेच त्यांचे यजमान खूश झाले. दवाखान्यातला लिनक्सचा संगणक ते सांभाळत. तो बिघडला की त्यांची कळी खुलायची.

"मामांच्या कुत्र्याच्या पोटात काहीतरी चौकोनी अडकलंय," बाई म्हणाल्या. "सकाळपासून ते पुढं सरकलं असेल तर वाट बघू. नाहीतर पोट उघडावं लागेल. सकाळचा आणि आत्ता दुपारी काढलेला, दोन्ही एक्स-रे शेजारी ठेवल्याशिवाय मला कसं कळणार?"

बाईंच्या मामांनी कुत्र्याला छातीशी धरलं. "जावईबापू, तेवढं बघा हो. लेकरू आहे माझं. काल इथं येऊन गेल्यापासून धड जेवलं नाही."

"गंमत आहे," जावईबापू पुटपुटले. "दुपारी वीज जाऊन आली आणि हा गेला. का बरं?"

त्यांनी संगणक बंद करून चालू केला. सकाळचा एक्स-रे हजर, पण दुपारचा गायब! पुन्हा तेच केलं. आता दुपारचा आला आणि सकाळचा पसार. अबोला धरलेल्या दोन जावांसारखे ते एका वेळी समोर यायला तयारच नव्हते.

"अहो, पेनड्राइव्हवर बॅकअप घेता ना तुम्ही? तो आणा की."

"तो अगदी सुरक्षित ठिकाणी आहे," यजमान घाईघाईनं म्हणाले. ते ठिकाण कुठलं, हे ते स्वतःच कालपासून शोधत होते.

तेवढ्यात कुत्रं कुईकुई करायला लागलं. मामा त्याला मागच्या आवारात घेऊन गेले. इकडे यजमानांनी डोकं संगणकात खुपसलं आणि थोड्या वेळानं टाळी वाजवली.

"सापडलं! परवा मोठी डिस्क बसवली ना, तेव्हा जुनीतलं सगळं तिच्यात उतरवलं. सगळं म्हणजे लेबलसुद्धा! आता दोघींचं नाव 'एक्सरे'. संगणक ज्या नावाला हाक मारतो, त्याला जी आधी ओ देते ती आत. दुसरी बसते बाहेर. सकाळचा फोटो एकीत गेला, आणि वीज जाऊन आल्यावर दुपारचा दुसरीत!"

"आणि हे कुणी केलं?"

"ते महत्त्वाचं नाही," म्हणत त्यांनी नव्या डिस्कचं लेबल बदललं. दोन्ही डिस्क दिसू लागल्या, पण नव्या डिस्कवरचा एक्स-रे काही उघडेना. लिनक्सचा पहारेकरी फार खडूस, प्रत्येक फाइलवर त्याला परवानगीचा बिल्ला लागतो. डिस्कचं नाव आणि जागा बदलल्यावर तिच्यावरच्या फाइलींचे जुने बिल्ले त्याला चालेनात. ते सगळे दुरुस्त केले, आणि एकदाचे दोन्ही एक्स-रे शेजारी शेजारी आले.

"सरकलंय! चांगलं खालपर्यंत आलंय!" बाईंच्या जिवात जीव आला. "मामा, ऑपरेशन नको!"

"मला माहितीये," मामा दारातून म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता आणि हातात कागदाची पुडी होती. मागे कुत्रं शेपूट हलवत उभं होतं. "तुमचे फोटो येईपर्यंत आम्ही मोकळे झालो. पण हे आहे काय?"

बाईंनी हातमोजे घालून पुडी उघडली. आत एक चपटा पेनड्राइव्ह होता. त्याच्यावर पक्क्या शाईनं, ओळखीच्या अक्षरात लिहिलं होतं, 'एक्सरे'.

बाईंनी सावकाश यजमानांकडे पाहिलं. "सुरक्षित ठिकाणी होता, नाही का?"

यजमानांचं लक्षच नव्हतं. त्यांचे डोळे पेनड्राइव्हवर खिळले होते. "चालत असेल का गं अजून?" असं म्हणून त्यांनी हात पुढे केला.

"आधी धुवा तो!" मामा आणि भाची एकदमच ओरडले.