कोरमपुरती मुलगी

बालगृहातल्या सहा वर्षांच्या मुलीला तिच्या सख्ख्या मावशीकडे पाठवायचं, एवढंच काम होतं. मावशीचं घर पाहून झालं होतं, शेजाऱ्यांनी चांगलं सांगितलं होतं, मुलीनं आपले कपडे पिशवीत भरले होते. घोडं अडलं होतं एका सहीवर. मुलांची प्रकरणं पाहणाऱ्या बाई फाइल घेऊन संचालकांच्या दारात पोचल्या, तर नेमके त्याच सकाळी साहेब बदललेले!

नवे साहेब सुधारणा करायलाच आले होते. आल्या आल्या त्यांनी टेबलाचं तोंड खिडकीकडून दाराकडे केलं.

"बाई, आजवर आपण मुलांना न विचारता निर्णय घेतले. लाज वाटते मला."

"खरंय साहेब. हिला विचारलंय मी. मावशीकडे जायचं म्हणते. तेवढी सही..."

"सही होईल हो! आधी व्यवस्था."

व्यवस्था म्हणजे सुधारणा समिती. तिच्यात एक बालप्रतिनिधी हवाच, त्याच्याविना कोरम नाही, असं परिपत्रक निघालं. बाकीची मुलं शाळेत होती. हिचं नाव मावशीकडे जाणार म्हणून कालच शाळेतून काढलेलं, त्यामुळे हाताशी असलेलं बालक ही एकटीच. झाली प्रतिनिधी!

पहिल्या बैठकीत तिनं दोन बिस्किटं खाल्ली आणि "मला मावशीकडे जायचंय," असं खणखणीत सांगितलं. साहेबांचे डोळे पाणावले. इतिवृत्तात नोंद झाली: 'बालप्रतिनिधींनी कुटुंबाधारित संगोपनाचा आग्रह धरला.' ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर.

दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा फाइल घेऊन हजर.

"अहो, ठराव धोरणाचा आहे," साहेब दचकले. "आणि ही तर समितीची सदस्य! सदस्याचं घरचं काम समितीच्या अध्यक्षानंच करायचं? हितसंबंध, बाई, हितसंबंध!"

"मग तिला समितीतून काढा."

"बालकाचा आवाज दाबू? मी?"

बाईंनी कपाळाला हात लावला. समितीची मुदत तीन वर्षांची! मग त्यांनी मुलीकडून रंगीत खडूनं राजीनामा लिहून घेतला. विधी कक्षानं तो परत पाठवला: राजीनामा स्वीकारायला बैठक लागते, बैठकीला कोरम लागतो, आणि राजीनामा दिलेलं बालक कोरममध्ये धरता येत नाही. आता बोला!

मावशी दर गुरुवारी येऊन खालच्या बाकावर बसायची. एकदा तिनं बाईंचा हातच धरला. "बाई, खरं सांगा, माझंच काही चुकलं का हो?"

बाईंना भडभडून आलं. "तुमचं कसलं चुकतंय! इथं कुणाचंच चुकत नाही, तीच तर पंचाईत आहे."

शेवटी बाईंनी धीर करून थेट वर तक्रार धाडली. वरच्यांनी तातडीनं दखल घेतली. बालसहभागाचा इतका जिवंत नमुना त्यांनी कुठंच पाहिला नव्हता, म्हणून साहेबांना आदर्श नेतृत्वाचा पुरस्कार मिळाला. समारंभात मुलगी स्टेजवर होती. तिनं साहेबांची बाही ओढली, ते खाली वाकले, आणि ती कानात म्हणाली, "काका, मावशी खाली बसलीय. जाऊ का?"

तेवढ्यात फोटो निघाला. फार सुंदर आलाय. साहेब वाकून ऐकताहेत, मुलीचे ओठ किंचित उघडे. 'ऐकणारा अधिकारी' म्हणून तो गावभर फिरला. तुम्हालाही आला होता. तुम्ही खाली 'असे अधिकारी हवेत' असं लिहून तो आणखी चौघांना पाठवलात.