आमचं जेवण अगदी साधं

घराची भरभराट मिळकतीवर नसते, साध्या राहणीवर असते. हे सत्य ज्या थोर पुरुषांनी सांगून ठेवलं त्यांच्यापैकी एकानंही पाण्याचा पेला कधी आपल्या हातानं भरून घेतल्याची नोंद नाही. त्यामुळे सत्याला काही बाधा येत नाही. हात मोकळे असले की सत्य चांगलं सुचतं.

असे एक पुरुष आमच्या शेजारी राहतात. श्री. भैयालालजी राहांगडाले, निवृत्त बडे बाबू. गोंदियाच्या एका कचेरीत त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे खर्च नामंजूर केले. निवृत्त झाले आणि नामंजूर करायला काही उरलं नाही, तशी त्यांची तब्येत ढासळायला लागली. झोप येईना, अन्न गोड लागेना. डॉक्टर म्हणाले, कशात तरी मन रमवा. त्यांची नजर घरच्या किराण्यावर गेली आणि पुढच्या आठवड्यात गडी ठणठणीत झाला.

घरात माणसं दोनच, ते आणि त्यांच्या पत्नी अनुसयाबाई. (मुलगा पुण्याला असतो. तो घरच्या जेवणाची फार आठवण काढतो आणि बाहेरून मागवतो.) पण माणसं दोन आहेत म्हणून कारभार ढिला ठेवायचा का? लगेच समिती स्थापन झाली. 'साप्ताहिक किराणा व भाजीपाला खर्च नियंत्रण समिती'. अध्यक्ष भैयालालजी, सदस्य-सचिव अनुसयाबाई. पाकीट अध्यक्षांकडे आणि थैल्या सदस्य-सचिवांकडे. मतभेद झाल्यास बहुमतानं निर्णय, आणि बहुमत म्हणजे अध्यक्ष.

आठवडी बाजारात भैयालालजींचं काम बघण्यासारखं असतं. कोथिंबिरीची जुडी घ्यायची तरी तीन ठिकाणचे दर घेतल्याशिवाय खरेदी नाही. तिसऱ्या दुकानापर्यंत पोचेतो पहिल्या दुकानातली कोथिंबीर संपलेली असते, आणि त्या आठवड्याचा तो खर्च वाचतो. एकदा सालेकशाकडून कैऱ्या घेऊन आलेल्या एका म्हातारीपुढे ते पाऊण तास उभे होते. शेवटी ती म्हणाली, "बाबूजी, घ्याच्या हायेत त घ्या, नाई त सावली त सोडा. तुमच्या मांगं गिऱ्हाईक उभं हाये." त्यांनी निम्म्या भावात दुप्पट कैऱ्या आणल्या. अनुसयाबाईंनी त्या उन्हात थैली उचलली आणि घरी येऊन भाजायला बसल्या. पन्ह्याला कैरी उकडलेली चालत नाही, भाजलेलीच लागते, असा अध्यक्षांचा जुना ठराव आहे.

इथून उन्हाळी धोरणाकडे वळतो. धोरणाचं नाव 'साधं जेवण'. त्याचा पाया असा: जी वस्तू बाजारातून विकत आणावी लागते ती खर्चिक, जी घरी होते ती साधी. विकतचं सरबत बंद, घरचं पन्हं सुरू. विकतचे पापड बंद, लोणचं बंद, शेवया बंद. ताकाची पिशवी बंद, दही लावून घुसळणं सुरू. आंबील तर इतकी साधी की तिला काहीच लागत नाही. ज्वारीचं पीठ आंबवायचं आणि शेगडीजवळ उभं राहून गुठळी होईस्तोवर, माफ करा, गुठळी होऊ नये म्हणून ढवळत राहायचं. उभं कोणी राहायचं हा तपशील धोरणात नाही. धोरणात तपशील नसतात.

याचा परिणाम आठवड्याच्या खर्चावर इतका झपाट्यानं झाला की भैयालालजी दर रविवारी आमच्या ओट्यावर येऊन तो आकडा सांगू लागले. मी विचारलं, अहो, वाचलं कुठून? ते म्हणाले, "घरचं सगळं फुकटच त असते ना!" बरोबरच आहे. हिशेबाचा नियमच आहे, ज्याची पावती मिळत नाही तो खर्च नव्हे. अनुसयाबाईंनी घामाची पावती कधीच सादर केलेली नाही.

आता त्या घराची रचना सांगतो. पुढं हॉल. हॉलच्या खिडकीला भला मोठा कूलर, त्याला खसची नवी जाळी, त्याच्यासमोर अध्यक्षांची आरामखुर्ची. मागं स्वयंपाकघर, पश्चिमेला तोंड करून, वर टिनाचं छत. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर गेला की लोक दुपारी दारं लावून घेतात आणि कुत्री नालीत जाऊन बसतात. त्या टिनाखाली तेव्हा काय होत असेल याचं मोजमाप हवामान खात्यानंसुद्धा केलेलं नाही, कारण त्यांचा माणूस आत शिरून बाहेर यायला तयार नाही.

अनुसयाबाईंनी एकदा मागणी मांडली. मी हॉलमध्येच बसलो होतो, पन्हं पीत.

"अजी, सैपाकघरात एक पंखा लावून द्या ना. लहानसा. जीव जाऊन राहिला गर्मीनं."

"पंखा? पंख्यानं ग्यास फडफडते. ग्यास जास्त लागते."

"बाजूनं लावू जी. ग्यासवर हवा नाई जायची."

"आन् कायले पाहिजे? जेवन साधं, तुले वेळ तरी किती लागते? माही माय चुलीवर रांधे. तिनं मांगला का कधी पंखा?"

"मांगला असन," अनुसयाबाई म्हणाल्या. "कोनी आयकला नसन."

मागणी नामंजूर झाली. मला अनुसयाबाईंचा तो शेरा इतका नेमका वाटला की मी अजून एक पेला पन्हं मागवलं.

त्याच आठवड्यात एका दुपारी मी पुन्हा त्यांच्या हॉलमध्ये बसलो असताना आतून धप्पकन आवाज आला. अनुसयाबाई पोळ्या लाटता लाटता डोळ्यांपुढं अंधारी येऊन खाली बसल्या होत्या. भैयालालजींना चिंता नसते असं कोणी म्हणू नये. ते खुर्चीतूनच तत्काळ ओरडले, "ग्यास बंद कर पयले!" मग कांदा हुंगवण्यात आला. (कांदा नंतर कोशिंबिरीत वापरला. नासधूस नाही.) माझी बायको धावत आली, तिनं त्यांचे पाय चोळले, तोंडावर पाणी मारलं, आणि जाताना माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं माझ्याही घरी काही मागणी येणार. अनुसयाबाई भिंतीला टेकून एवढंच म्हणाल्या, "या उन्हाळ्यात मी काई वाचत नाई बाई." हे त्या थट्टेत म्हणाल्या नाहीत.

इकडे भैयालालजींच्या यशाची कीर्ती पसरत होती. आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळानं (मी त्याचा चिटणीस, चहाची व्यवस्था माझ्याकडे) त्यांचं व्याख्यान ठेवलं. विषय, 'उन्हाळ्यात साधं जेवण'. अरे बापा, काय बोलले! "आपले पूर्वज काय खात? बासी! रात्रीच्या भातात पानी घालायचं, सकाळी कांदा, मीठ, कैरीची फोड. बस! ना आच, ना तेल, ना मसाला. अमृत हाये अमृत! ते खाऊन ते कचारगडाचा पहाड एका दमात चढत!" त्यांच्या स्वतःच्या तोंडाला बासी लागून चाळीस वर्षं झाली असतील, पण व्याख्यानाला अनुभव आडवा येत नाही. टाळ्यांनी छत दणाणलं. मंडळाचे अध्यक्ष दुलीचंदजी, जे सकाळी जिलेबी-समोसा झाल्याशिवाय पेपर उघडत नाहीत, त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी तिथल्या तिथं ठराव मांडला की या आदर्श घराला मंडळानं रविवारी भोजनसमयी भेट द्यावी आणि अनुसयाबाईंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा. ठराव एकमतानं पास झाला. शाल लोकरीची घेतली. तेवढ्या पैशात पंखा आला असता, पण पंखा खांद्यावर घालता येत नाही आणि फोटोत नीट दिसत नाही.

घरी येऊन भैयालालजींनी सदस्य-सचिवांना कळवलं. सातजण येणार. "काई विशेष करू नको. साधंच राहू दे. पन्हं, आंबील, वरन-भात, दोन भाज्या, वड्या, कढी, कुरडया, पापड, शेवया, आन् आंब्याचा रस. पोळ्या मात्र गरम वाढजो, लोक दुरून येऊन राहिले."

(दुरून म्हणजे मागच्या गल्लीतून.)

"आन् पंखा?" अनुसयाबाईंनी विचारलं.

"पाहुने येऊन राहिले आन् तू पंखा घेऊन बसली! साधं जेवन हाये, पंखा कायले?"

"साधंच पाहिजे ना जी?"

"साधंच."

"बरं," अनुसयाबाई म्हणाल्या आणि निवांत झोपायला गेल्या. भैयालालजींनी मला हे अभिमानानं सांगितलं. बाई समजूतदार आहे म्हणाले.

रविवारी आम्ही बाराच्या ठोक्याला पोचलो, सकाळचा नाश्ता न करता, कारण साध्या जेवणाला पोटात जागा लागते. कूलर जोरात सुरू होता. सत्कार झाला, नारळ दिला, शाल घातली, फोटो निघाले. मग आमच्या अपेक्षेप्रमाणे अनुसयाबाई आत जायला हव्या होत्या. त्या गेल्या नाहीत. त्यांनी भैयालालजींची आरामखुर्ची कूलरसमोर थोडी पुढं ओढली आणि तिच्यात बसल्या.

आम्ही वाट पाहिली. आतून कढीचा वास येईना. फोडणीचा आवाज येईना. भैयालालजींनी खाकरून विचारलं, "सैपाक?"

"झाला ना. रातीच झाला."

त्या उठल्या, आत गेल्या आणि दोन मिनिटांत परत आल्या. हातात मोठा गंज, म्हणजे पातेलं. गंजात रात्रीचा भात, वर पाणी. दुसऱ्या हातातल्या ताटात कांदे, मीठ आणि कैरीच्या फोडी. "घ्या जी," त्या दुलीचंदजींना म्हणाल्या, "अमृत हाये म्हने."

आमच्याकडे पाहुण्यापुढं शिळा भात ठेवणं म्हणजे त्याला दारातून हाकलल्यासारखं आहे. एरवी यावरून सोयरिकी मोडल्या असत्या. पण करता काय? याच बासीला आम्ही चार दिवसांपूर्वी हात दुखेस्तोवर टाळ्या वाजवल्या होत्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. दुलीचंदजींना एकाएकी आपली साखर आठवली. मंडळाच्या चैतरामजींना कांद्यानं ॲसिडिटी होते हे मला त्या दिवशी कळलं. एका सदस्याला तर उपास निघाला, जो त्यालाही गंज दिसेपर्यंत माहीत नव्हता. भैयालालजी गंजाकडे असे बघत होते, जणू कोणीतरी त्यांचीच सही असलेला कागद त्यांच्यापुढं ठेवला आहे. मला विचाराल तर मला भयंकर राग आला. मी त्या घरी आंब्याचा रस प्यायला गेलो होतो.

अनुसयाबाईंनी मात्र आपलं ताट भरून घेतलं आणि आमच्याच पंगतीत, कूलरच्या झोतात बसून जेवल्या. लग्नानंतर त्या घरात पहिल्या पंगतीला बसायची ही त्यांची पहिली वेळ. कांदा बुक्कीनं फोडला. दुसऱ्यांदा भात घेतला. मध्येच त्यांनी ती लोकरीची शाल अंगाभोवती घट्ट ओढून घेतली.

"काय झालं?" भैयालालजींनी विचारलं.

"थंडी वाजून राहिली जी," त्या म्हणाल्या. "तुमाले रोज अशीच वाजते का?"

आम्ही पाणी प्यायलो आणि निघालो. मंडळाची तातडीची सभा चौकातल्या हॉटेलात झाली, पुरी-भाजी खाताना. तीत एक दुरुस्ती एकमतानं मंजूर झाली: 'साधं जेवण' म्हणजे खाणाऱ्याला साधं. करणारीनं त्याचा शब्दशः अर्थ घेऊ नये.

संध्याकाळपर्यंत भैयालालजी उपाशी होते. अनुसयाबाई खुर्चीतून हलल्या नव्हत्या. शेवटी खिचडी टाकावी म्हणून ते स्वतः आत गेले, आणि डाळीचा डबा सापडायच्या आधीच बाहेर आले. बनियन पिळून काढावी अशी ओली, तोंड लालबुंद. तसेच स्कूटरवर बसून बाजारात गेले आणि पहिल्याच दुकानातून पंखा घेतला. तीन ठिकाणचे दर न घेता! मी डोळ्यांनी पाहिलं. त्यांच्या कारकिर्दीतला हा एकमेव गैरव्यवहार आहे आणि मंडळानं तो माफ केलेला आहे.

आता तुम्ही हसत असाल. भैयालालजींसारखी माणसं असतातच, गोंदियाकडे जास्त असतील असंही मनात आलं असेल. ठीक आहे. फक्त जागेवरून न उठता एवढं सांगा, तुमच्या स्वयंपाकघरात पंखा कोणत्या भिंतीवर आहे? सांगता येत नसेल तर आतल्या माणसाला हाक मारून विचारू नका. तिला उत्तर माहीत आहे. पण ती हे वाचत नाहीये, तुमच्यासाठी काहीतरी साधंच करतेय.