साळूबाईचा पंजा

एका जंगलात, मुलांनो, एक शाळा होती. हसू नका, जंगलातही शाळा असते. दोन खोल्या होत्या. एकीला छप्पर नव्हतं आणि दुसरीत तरसाने आपली हाडं साठवलेली असत.

एकदा सिंहमहाराजांचं फर्मान निघालं. ‘प्रत्येक शाळेत समिती नेमा. सगळ्यांनी मिळून ठरवलं की शाळा सुधारते.’

लगेच समिती झाली. रानगवा अध्यक्ष झाला, कारण दुसऱ्या कुणी होऊन बघावं! तरस सदस्य झाला. खवल्यामांजर गुरुजी चिटणीस झाले. ते स्वभावाने गरीब होते. कुणी प्रश्न विचारला की अंगाचा गोळा करून बसत.

समितीत एक आई हवी होती. म्हणून साळूबाईला घेतलं. तिच्या अंगावरचा काटा लेखणी म्हणून चालत असे. सदस्यही मिळाली आणि लेखणीही घरचीच झाली.

दर अमावास्येला दुपारी बैठक भरे. साळूबाई काटा उपटून देई. गुरुजी वहीत ठराव लिहीत. सूचक गवा, अनुमोदक तरस, सर्वानुमते मंजूर. मग साळूबाई शाईत पंजा बुडवून खाली उठवी. तिला अक्षर येत नव्हतं. आपल्या लेकीला, दुरपीला तरी यावं, एवढ्याचसाठी बिचारी डोंगर उतरून येई.

एका बैठकीत तिने पंजा आखडता घेतला.

“काय लिवलंय ते माझी दुरपी वाचून दावंल. चौथीत हाय ती.”

दुरपीने वही हातात घेतली. उलटी धरली. मग सुलटी केली. मग आईकडे बघून रडू लागली.

गुरुजींचा गोळा झाला.

“पोरीला आज बरं नसेल,” गवा म्हणाला.

“मग बरी झाल्यावर वाचंल. तवर पंजा न्हाई, काटा बी न्हाई.”

आता आली का पंचाईत! पंजाशिवाय ठराव नाही आणि ठरावाशिवाय महाराजांचा ‘आदर्श शाळा’ फलक नाही. तेव्हा समिती पहिल्यांदाच कामाला लागली. तरसाने हाडं उचलली. गवा रोज दारात उभा राहून हजेरी घेऊ लागला, म्हणून गुरुजी रोज शिकवू लागले. पुस्तकं फाटू नयेत म्हणून कपाटात कुलूपबंद होती आणि किल्ली हरवली होती. म्हणून दुरपी ठरावाच्या वहीवरच अक्षरं गिरवायला शिकली.

तीन अमावास्या गेल्या. दुरपी बैठकीत उभी राहिली आणि खणखणीत आवाजात वाचू लागली.

“ठराव सातवा. दोन्ही खोल्यांवर छप्पर घातले आहे. सर्वानुमते मंजूर.”

तिने वर पाहिलं. वरून एक घार गेली.

“ठराव नववा. चौथीची सर्व मुले अस्खलित वाचतात. सर्वानुमते मंजूर.” दुरपी थांबली. “आई, खाली पंजा हाय. तुझाच ना गं ह्यो?”

साळूबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“माझाच हाय, बाई,” ती म्हणाली.

गवा खाकरला. “नवा ठराव घ्या. ही वही यापुढे मुलांच्या हाती देऊ नये. साळूबाई, काटा द्या.”

साळूबाईने पाठीवरचा सगळ्यात लांब काटा उपटला आणि तो दुरपीच्या हातात दिला.

“लिव्ह. साळूबाईला मान्य न्हाई.”

ठराव तरीही मंजूर झाला, तीन विरुद्ध एक. गुरुजींचा पुन्हा गोळा झाला होता, पण गोळा म्हणजे होकार असं धरलं गेलं. फक्त त्या वहीत पहिल्यांदाच ‘सर्वानुमते’ लिहिता आलं नाही. तिथे चौथीतल्या पोरीच्या वाकड्या अक्षरात एक ओळ आहे, आणि तिच्याखाली पंजा आहे.

तात्पर्य : समितीने शाळा जरूर सुधारावी, पण मुलं वाचू लागतील इतकी सुधारू नये.