मिंग-तेंनी संगणक गप्प केला

ताओयुआन शहरातल्या मदरबोर्ड कारखान्यात च्वांग मिंग-ते तपासणी-प्रमुख होते, आणि साऱ्या कारखान्यात आपला घरचा प्रोसेसर सर्वांत जास्त पळतो, हे जेवणाच्या सुट्टीत रोज कुणाला तरी ऐकवत. बनवणाऱ्याने घालून दिलेली वेगमर्यादा म्हणजे भित्र्यांसाठी लावलेली पाटी, असं त्यांचं मत. संगणक स्वतः जोडलेला, प्रोसेसर मर्यादेच्या पार पुढे ताणलेला. त्याला थंड ठेवणारे पंखे असे गरजत, की दिवाणखान्यात चढावर अडकलेली स्कूटर उभी आहे असं वाटावं.

या गर्जनेपायी घरात कचरा साठला. कचऱ्याची गाडी संध्याकाळी गाणं वाजवत गल्लीत येते. ते ऐकून पिशव्या घेऊन खाली धावायचं. च्वांगांच्या घरात ते ऐकूच येईना.

"आज पुन्हा गाडी चुकली," बायको श्यू-छिन नाक दाबून म्हणाली. "अहो, उद्यापर्यंत याचं काही केलं नाहीत, तर गाडीत आधी तुमचा हा डबा जाईल, मग माशांची डोकी."

"वेग जरा कमी कर ना रे," आई म्हणाल्या.

"मी काय शाळेची बस चालवतोय, आई? वेग राहील आणि आवाज जाईल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली. स्क्रूंखाली रबर घातलं, जुने पंखे काढून रुंद, संथ पंखे बसवले. शेवटी यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून कॅबिनेटच्या डोक्यावर नारळाच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवलं. त्यांच्या कारखान्यातलं एकही यंत्र या पाकिटाशिवाय सुरू होत नसे, आणि त्याला हसणारा माणूस तिथे टिकतही नसे.

बटण दाबलं. आवाज नाही. मिंग-तेंचा चेहरा उजळला, आणि संगणक बंद पडला.

आईंनी चष्मा लावून पाकीट उलटंसुलटं केलं. "तारीख उलटून गेलीय. शिळं ठेवलंस तर कसं ऐकेल ते?"

ताजं आणलं. पुन्हा बंद. मिंग-तेंनी प्रोसेसरवरचा उष्णता ओढून घेणारा लेप पुसून नवा लावला, प्रत्येक वायर काढून परत खोचली. सगळं चोख. पुन्हा बंद.

"एवढ्या मोठ्या यंत्राला एक पाकीट कसं पुरेल?" आई म्हणाल्या.

हे पटण्याजोगं होतं. त्यांनी कॅबिनेटचं डोकं पाकिटांनी गच्च भरलं. आता तर ते सुरू होता होताच बंद पडू लागलं, आणि पाकिटं टम्म फुगली.

"बघ, रागावलंय," आई हळूच म्हणाल्या.

गाडीची वेळ जवळ आली. श्यू-छिनने बाह्या सरसावल्या. "वेग कमी करताय, की उचलू?"

"उचल. पण वेग कमी होणार नाही."

उचलण्याआधी तिने पाकिटं खाली ढकलली, त्यातलं एक फोडून मिंग-तेंच्या डोळ्यांसमोर खाल्लं. आईंनी कानांवर हात ठेवले. ही पाकिटं कुणी खात नाही.

"एक शेवटची संधी," म्हणत मिंग-तेंनी बटण दाबलं.

संगणक चालू लागला. चालतच राहिला. मिंग-तेंनी वर हात धरला, तर जाळीतून गरम वारा येत होता. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका पकडणाऱ्या तपासणी-प्रमुखांनी स्वतःच्याच यंत्राचं धुराडं बुजवलं होतं.

"कसोटी घेत होतो," ते म्हणाले.

"तिने खाल्लं म्हणून त्याची भूक भागली," आईंनी निकाल दिला. मिंग-तेंनी एक पाकीट मात्र शेजारी ठेवलं, जाळीपासून लांब.

गाडीचं गाणं स्वच्छ ऐकू आलं. कचरा गेला. घर असं शांत झालं की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक जाणवू लागली. मिंग-ते ताठ बसून आपला विजय बघत होते. स्वयंपाकघरात श्यू-छिन बहिणीला फोनवर कुजबुजत होती, "सासूबाईंचं मुळ्याचं सूप ना, भांडी विसळलेलं पाणी बरं."

"मग उद्यापासून तूच करत जा," आतल्या खोलीतून आईंचा आवाज आला.

श्यू-छिन पांढरीफटक होऊन बाहेर आली. "अहो, ते जुने पंखे परत लावा."

"मुळीच नाही. दिवस घालवलाय मी."

"लाव रे, लाव," आई आतून म्हणाल्या. "मलाही माझ्या लेकीला फोन करायचाय."