अजून एक हात

रंग वाळला की नाही, हे देवराव राठोड बोट लावून पाहत नाहीत. ते पेटीत डोकं घालतात. गुडघे टेकून, खांद्यापर्यंत आत जाऊन चांगली पाच मिनिटं तसेच राहतात. बाहेर फक्त लेंगा आणि दोन तळपाय दिसतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा घाबरून हाक मारली. आतून घुमत आवाज आला, "थांबा सर, वास घेऊन राह्यलो."

मग डोकं बाहेर काढून म्हणाले, "येते अजून. जिथं मले मळमळते, तिथं पाव्हण्याले कसं करमन?"

देवराव माझे शेजारी. पांढरकवड्याच्या बस डेपोत त्यांनी पेंटर म्हणून सगळी नोकरी काढली. गाड्यांवरच्या पाट्या, आसनांचे आकडे, खिडकीखालच्या सूचना, सगळं त्यांच्या हातचं. निवृत्तीनंतर गाड्या सुटल्या, सवय सुटली नाही. त्यांच्या घरी माठावर ‘क्षमता १२ लिटर’ असं लिहिलेलं आहे. घराच्या दरवाजावर तर लाल रंगाचे इतके थर आहेत की तो चौकटीत बसत नाही. रोज खांद्याने रेटून लावावा लागतो. गल्लीतले लोक चिडवतात, तेव्हा म्हणतात, "चोराले उघडता येते काय, ते पाहा ना."

माझा धाकटा भाऊ नागपूरला एकटा राहायचा. दिवाळीनंतर तो अचानक गेला. त्याचं सामान आवरायला गेलो, तर सामानात त्याने पाळलेला इग्वानाही होता. इग्वाना म्हणजे झाडपाला खाणारा मोठा हिरवा सरडा, शेपटीसकट हातभर लांब. त्याची कागदपत्रं भावाने नीट लावून ठेवली होती. नाव लिहिलं होतं ‘दादा’. असं नाव का, हे मी त्याला पूर्वी एकदा विचारलं होतं. "दिवसभर एका जागी बसतो, बोलत नाही, नुसता पाहतो," तो म्हणाला होता. मलाही तो दादाच म्हणायचा.

मी इग्वानाला घरी आणलं, न्हाणीघरात बल्बखाली ठेवलं आणि दार लावून घेतलं. पाला टाकण्यापुरतंच ते उघडायचो. त्याच्याकडे पाहवत नव्हतं. भावाचा एक मित्र त्याला न्यायला तयार होता. "पेटी तेवढी करून ठेवा सर, गाडी घेऊन येतो," तो फोनवर म्हणाला. हे मी देवरावांना कुंपणावरून सांगितलं, एवढंच.

देवराव पालीला भितात. भिंतीवर पाल दिसली की जेवणाचं ताट घेऊन अंगणात येतात. न्हाणीघराच्या दाराच्या फटीतून त्यांनी एकदाच आत पाहिलं, आणि त्यानंतर त्या जनावराचं नाव घेतलं नाही. ‘पाव्हणा’ म्हणायला लागले. तरी दुसऱ्या दिवशी सागाच्या फळ्या घेऊन हजर.

"भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटते ना. म्हणून तं पेटी पक्की पायजे."

माझ्या अंगणात पेटी उभी राहिली, आणि मग रोज दुपारी जेवण झालं की ते यायचे. आधी घासपेपरने घासणं, मग फटींत लांबी, म्हणजे पुटी, भरणं, मग प्राइमर. पाव्हण्याला ओलावा लागतो, रोज पाणी शिंपडावं लागतं. त्याने लाकूड फुगेल ही त्यांना धास्ती. म्हणून हिरव्या रंगाचे दोन हात, सांध्यांना सिलिकॉन आणि सगळ्यावर बिनरंगाचं वार्निश. ते वाटीत दुधासारखं दिसतं, वाळलं की काचेसारखं. पेटीच्या दारावर त्यांनी बसच्या अक्षरांत लिहिलं, ‘हात आत घालू नये’. आत बसायच्या फांदीमागे, ‘आसन क्र. १’.

मी जवळ खुर्चीवर पुस्तक घेऊन बसायचो. पान उलटत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं असणार. ते एकटेच बोलत राहायचे. "रंगाले घाई केली सर, तं तो नंतर सोलून निघते." आणि रोज उठताना, "अजून एक हात."

मित्राचा फोन यायचा. "वाळली का पेटी?" मी देवरावांकडे बघायचो. ते नाही म्हणून मान हलवायचे. अशी संक्रांतही होऊन गेली.

एका दुपारी चहा द्यायला वाकलो, तर पेटीतून कसलाच वास आला नाही. मी गुडघे टेकून डोकं आत घातलं. आत सागाचा मंद वास तेवढा होता. बाहेर येऊन वाटीत बोट बुडवलं. पाणी होतं. नुसतं पाणी.

"कधीपासून?" मी विचारलं.

"आठ दिवस झाले असतीन." ते ब्रश पुसत राहिले.

"का हो, देवराव?"

त्यांनी आपल्या लाल दरवाजाकडे पाहिलं. "माही बायको शांता गेली त्या साली म्या दरवाजा रंगवला. रोज दुपारी एक हात. दुपार लय मोठी राह्यते सर. कोनी बोलाले नव्हतं." मग न्हाणीघराकडे हनुवटी केली. "पाव्हणा गेला की तुमी बाहेरचं दारही लावून घ्यान."

चहा थंड झाला, तो दोघांनी तसाच घेतला.

त्या संध्याकाळी मी न्हाणीघराचं दार उघडलं आणि दादाला उचलून पेटीत ठेवलं. देवराव अंगणातल्या स्टुलावर उभे राहून सूचना देत होते. "शेपटी पाहा. शेपटी आत घ्या." दादा फांदीवर चढला, आसन क्रमांक एकवर बसला, जास्वंदीचं एक फूल खाल्लं आणि आम्हा दोघांकडे बघत राहिला.

तेवढ्यात फोन वाजला. भावाचा मित्र होता. "सर, रविवारी येऊ का? वाळली का पेटी?"

देवरावांनी स्टुलावरून माझ्याकडे पाहिलं. या वेळी त्यांनी मान हलवली नाही.

"नाही," मी म्हणालो. "अजून एक हात मारावा लागेल."