वार्निशच्या वेण्या

उत्तरेश्वरनं त्या शनिवारी एक साधाच निर्णय घेतला होता. दुकान दुपारपर्यंत बंद ठेवायचं आणि पोरीच्या डोक्यातला गुंता काढायचा. एवढंच.

घाटनांदूरला स्टेशनच्या रस्त्यावर त्याचं मोटारी भरायचं दुकान होतं. विहिरीवरची, बोअरची, गिरणीची, कुठलीही जळालेली मोटार आणा; उत्तरेश्वर तिच्या पोटातली काळी पडलेली तार उपसायचा आणि नवी तांब्याची तार भरायचा. एकेका मोटारीत शेकड्यानं वेढे, पण आजवर एका वेढ्याचा गुंता झाला नव्हता. (हे तो लग्नाकार्यात कुणी न विचारता सांगायचा.) तेव्हा सहा वर्षांच्या ऋतुजाचे केस ते काय, असं त्याला वाटलं, यात नवल नाही. फक्त तांब्याची तार "पप्पा, दुखतंय!" म्हणून ओरडत नाही, हा फरक त्यानं हिशेबात धरला नव्हता.

ऋतुजाचे केस कमरेपर्यंत होते. कुरळे म्हणावेत तर कुरळे नाहीत, सरळ म्हणावेत तर तेही नाहीत. वाऱ्यानं हललेल्या पाण्यासारखे वळणावळणाचे. सकाळी विंचरले की शाळेत पोचेपर्यंत पुन्हा एकमेकांच्या गळ्यात पडलेले. तिच्या आईनं, दिपालीनं ते वाढवले होते. जावळ काढल्यापासून तिनं त्यांना कात्री लागू दिली नव्हती. रोज सकाळी उंबऱ्यात बसून ती विंचरायची, आणि गुंता लागला की त्या गुंत्याशीच बोलायची.

"पाव्हणं, चहा झाला, पान झालं, आता उठा की. गाडी जाईल तुमची."

ऋतुजा खिदळायची, आणि ती खिदळत असतानाच गुंता सुटलेला असायचा.

सव्वा वर्षापूर्वी चार दिवसांच्या तापात दिपाली गेली. त्यानंतर पाव्हणं जे बसले, ते उठलेच नाहीत.

उत्तरेश्वरनं सगळं करून पाहिलं होतं. पाव्हण्यांना उठवायचं ते वाक्यसुद्धा म्हणून पाहिलं, पण त्याच्या तोंडून ते वीजबिलाच्या नोटिशीसारखं निघालं. ऋतुजा म्हणाली, "असं न्हाई. मम्मी हसून म्हणायची." मग तो हसून म्हणाला. तिनं मान वळवून त्याचं हसणं पाहिलं आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या पप्पा."

मोबाईलवर एक बाई केस कसे सोडवायचे ते दाखवायची. शेंड्याकडून सुरू करा, वर वर जा, डोक्याच्या कातडीला शेवटी हात लावा. उत्तरेश्वरनं तो व्हिडिओ अकरा वेळा पाहिला. व्हिडिओतली पोरगी मुळीच रडत नाही याचं त्याला फार कौतुक वाटलं होतं. बाराव्या वेळी कळलं की ती प्लॅस्टिकची आहे.

ऋतुजानं मात्र स्वतःची एक पद्धत काढली होती. विंचरताना ती त्याच्या पुढ्यात बसायची आणि एक हिसका बसला की त्याच्या डाव्या पिंडरीवरचा एक केस उपटायची. दिवाळी झाली तेव्हा ती पिंडरी गुळगुळीत झाली होती.

हे असंच चाललं असतं. पण गुरुवारी सासूबाईंचा फोन आला. जानकीबाई लिंबागणेशला राहायच्या. बोलणं कमी, आणि जे बोलायच्या ते ठरवूनच.

"पाव्हणं, राग धरू नका. दिवाळीत पोरीचं डोकं बघितलं आन् मला घास गेला न्हाई. केसात काडी निघाली, तुमच्या दुकानातला तारेचा तुकडा निघाला. आईवाचून लेकरू असं दिसतंय, हे लोकांनी कशाला म्हणावं? मी रविवारी येते. काय बदल न्हाई दिसला तर तिला घेऊन जाते. शाळा आमच्याकडं बी हाय."

"बरं मामी," उत्तरेश्वर म्हणाला. (दिपाली असतानाही तो त्यांना एवढंच म्हणायचा.) फोन ठेवल्यावर त्याला बरीच उत्तरं सुचली. पण त्यातलं एकही असं नव्हतं, ज्यावर त्याचा स्वतःचा विश्वास बसेल.

शेजारच्या छबुबाईंनी तेल करून दिलं. खोबरेल, त्यात जास्वंद, मेथी, कढीपत्ता, सगळं कढवून काळंतपकिरी झालेलं. "शेंड्याला हात राखू नको," त्या म्हणाल्या, "चपचपीत लाव, गुंता लोण्यावानी सुटतो." थंडीनं तेल गोठत होतं, म्हणून उत्तरेश्वरनं शनिवारी सकाळी ती निळी बाटली ओट्याच्या भिंतीवर उन्हात ठेवली.

आता त्याच भिंतीवर आणखी एक निळी बाटली होती. मोटार भरून झाली की वेढ्यांवर वार्निश सोडावं लागतं, म्हणजे तार जागची हलत नाही. थंडीत तेही घट्ट होतं, म्हणून तेही तो उन्हात ठेवायचा. त्याचा रंगही काळातपकिरीच. वासानं कुणीही ओळखलं असतं. पण बारा वर्षं वार्निशमध्ये काढल्यावर उत्तरेश्वरचं नाक कामातून गेलं होतं. घरात दूध उतू गेलं तरी ते त्याला शेजारी सांगायचे.

त्यानं पोरीला उन्हात बसवलं आणि हातावर बाटली ओतली.

"पप्पा, वास येतोय."

"छबुकाकूचं तेल हाय ते. औषधी हाय."

"लई औषधी हाय का?"

"लई."

शेंड्यापासून मानेपर्यंत त्यानं ते चपचपीत लावलं. आणि काय सांगावं, केस ऐकायला लागले! बोटांतून सरसर निसटायला लागले. सव्वा वर्षात पहिल्यांदा फणी अडली नाही. पिंडरीवरचा एकही केस खर्ची पडला नाही. त्यानं दोन वेण्या घातल्या, लाल रिबिनी बांधल्या. एक वेणी जरा वर, एक जरा खाली आली, पण वेण्या होत्या. कुणीही वेण्याच म्हटलं असतं. त्याचा ऊर भरून आला. त्यानं फोटो काढला आणि सासूबाईंना पाठवून दिला. थोड्या वेळानं तिकडून आवाजाचा मेसेज आला, "लई झ्याक घातल्या की, पाव्हणं." तो आवाज त्यानं तीनदा ऐकला. तिसऱ्यांदा ऋतुजालाही ऐकवला.

साडेअकराच्या सुमारास ऋतुजा पाणी प्यायला म्हणून वळली आणि दाराच्या चौकटीवर टक् असा आवाज आला.

तिनं पुन्हा मान हलवली. टक्. तिला मौज वाटली. ती स्टीलच्या ताटापाशी गेली, ताटावर वेणी मारली. टण्ण. उत्तरेश्वरनं वेणीला हात लावला. ती वाकेना. त्यानं भिंतीकडं पाहिलं. एक निळी बाटली अर्धी झाली होती, आणि दुसरी भरलेली होती. त्यानं भरलेलीचं बूच काढून बोट बुडवलं. जास्वंदीची पाकळी वर आली.

ऊन कडक होतं. काम पक्कं झालं होतं.

गरम पाणी झालं, साबण झाला, खरं तेल झालं. कशानंही काही होईना. शेवटी तो दुकानातून थिनरचा डबा घेऊन आला, तेव्हा छबुबाईंनी दारातच त्याचा हात धरला.

"आरं, लेकराच्या डोक्याला लावतो व्हय हे? कातडं सोलून निघंल तिचं."

"मग काय करू काकू?"

छबुबाईंनी डबा काढून घेतला आणि ऋतुजाच्या डोक्यावरून, जिथं केस अजून केसांसारखे होते तिथं, हात फिरवला.

बजरंगच्या सलूनमध्ये गर्दी नव्हती. बजरंगनं वेणी बोटानं वाजवून पाहिली. "दादा, याला कात्री न्हाई, करवत लागंल," असं तो म्हणाला, हसायलाही लागला, आणि मग उत्तरेश्वरचं तोंड बघून गप्प झाला. त्यानं खुर्चीवर फळी टाकून पोरीला वर बसवलं, टॉवेल गुंडाळला, आणि विचारलं, "मानेपसून?"

उत्तरेश्वरनं मान डोलावली.

पहिली वेणी फरशीवर पडली, तिचाही आवाज झाला. ऋतुजा रडली नाही. आरशात बघत राहिली. दुसरी पडल्यावर तिनं आरशातूनच विचारलं, "पप्पा, मम्मी आली तर मला वळखंल का?"

मम्मी येणार नाही हे तिला ठाऊक होतं. तिनंच ते वर्गात सगळ्यांना सांगितलं होतं. पण ठाऊक असणं वेगळं. उत्तरेश्वर तिच्या मागं उभा राहिला.

"वळखंल."

"कशावरून?"

त्यानं आरशात नीट पाहिलं. केसांखाली इतकी वर्षं झाकलेले तिचे कान दिसत होते, पाळीपाशी जरा दुमडलेले.

"कानावरून. तुझे कान तिचेच हायेत."

ऋतुजानं दोन्ही कान धरून पाहिले. बजरंग उगाचच आरसा पुसायला लागला.

वेण्या त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणल्या. मामींना फोन करावा असं त्याला दोनदा वाटलं. फोटोच्या खाली त्यांचं ते "लई झ्याक" तसंच होतं. त्यानं फोन केला नाही. रविवारी सकाळी उठून त्यानं ऋतुजाचे कपडे घड्या करून पिशवीत भरले. फ्रॉक, स्वेटर, शाळेची वही. रिबिनी हातात आल्या, त्या त्यानं आधी आत ठेवल्या आणि मग बाहेर काढल्या.

जानकीबाई दहाच्या गाडीनं आल्या. हातात गजऱ्याची पुडी होती; फोटोतल्या वेण्यांना माळायला आणलेली. ओट्यावर खेळणाऱ्या पोरीला त्या म्हणाल्या, "ऋतू कुठं हाय गं? बोलव बरं तिला."

"आज्जी, मीच हाय की."

जानकीबाई ओट्यावर खालीच बसल्या. पुडी मांडीवर राहिली. उत्तरेश्वरनं सगळं सांगितलं. निळी बाटली, दुसरी निळी बाटली, ऊन. काही लपवलं नाही. सांगून झाल्यावर दाराशी ठेवलेली पिशवी पुढं केली.

"ही कुणाची पिशवी?"

"ऋतूची. न्या मामी तिला. माझ्यानं न्हाई होत. माझ्या हातानं आणखी काय व्हायचं, मला भ्या वाटतं."

"केस कुठं हायेत?"

त्यानं वर्तमानपत्र आणून दिलं. जानकीबाईंनी ते उलगडलं. वेण्या होत्या तशाच होत्या. एकही केस इकडचा तिकडं झाला नव्हता. एक वेणी त्यांनी गालाला लावली. कडक होती. मग त्यांना हुंदका फुटला, आणि त्या तोंडाला पदर लावून बराच वेळ रडल्या. दिपालीच्या दहाव्यालाही त्या अशा रडल्या नव्हत्या. उत्तरेश्वर समोर उभा होता. पाणी द्यावं की बसावं, त्याला कळेना. शेवटी तो पाण्याचा तांब्या घेऊन बसला आणि स्वतःच प्यायला.

थोड्या वेळानं त्यांनी ऋतुजाला मांडीपाशी ओढलं. भांगापासून खाली, केसांवर, बोटाचं पेर ठेवत ठेवत मोजायला लागल्या.

"दोन महिन्याला एक पेर वाढतो केस," त्या म्हणाल्या. "एक, दोन, तीन..." सात पेरं भरली, वर थोडं उरलं. त्या थांबल्या. पुन्हा मोजलं. तेवढंच आलं.

"पंधरा महिने," त्या म्हणाल्या.

उत्तरेश्वरला आधी कळलं नाही.

"आवो पाव्हणं, ह्या वेण्या माझ्या दिपाच्या. तिनं न्हाऊ घातलेले, तिनं विंचरलेले केस हे. आन् आता डोक्यावर ऱ्हायलेत ते ती गेल्यावर आलेले. तुमच्या भाकरीवर आलेले. तुमच्या हाताखाली." त्यांनी ऋतुजाचे तोकडे केस कानामागं सारले. "दाट आलेत की. पोरगी उपाशी असती तर असे आले नसते."

पिशवी त्यांनी पायानंच बाजूला सारली.

"एक वेणी मला द्या. एक तुमी ठेवा. आन् ते बाटल्यांचं बघा जरा."

"बरं मामी," उत्तरेश्वर म्हणाला, आणि मग तोंड फिरवून भिंतीकडं बघत राहिला.

चारच्या गाडीनं त्या गेल्या. जाताना गजऱ्याची पुडी उघडून गजरा त्यांनी दिपालीच्या फोटोला घातला, आणि त्यातलीच दोन फुलं ऋतुजाच्या कानामागं खोचली. ती खाली पडली की ऋतुजा उचलून पुन्हा खोचत होती.

सोमवारी तो तिला शाळेत सोडायला गेला. भांग त्यानंच पाडला होता. जरा वाकडा होता, पण कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो ते दिसत होतं. कितीतरी दिवसांनी त्याची मान ताठ होती. फाटकातच मंजुषा मॅडम भेटल्या.

"अगंबाई, ऋतुजा! एवढे सुंदर केस, कुठं गेले गं?"

"जुने काढून टाकले," ऋतुजा म्हणाली. "पप्पा आता नवीन भरणार हायेत."

मॅडमनी उत्तरेश्वरकडं पाहिलं. शांतपणे पाहिलं.

"उत्तरेश्वरभाऊ, दसऱ्याला आमच्या शेतातली मोटार दिलती तुमच्याकडं भरायला. परवा संक्रांत झाली."

"आज करतो मॅडम. आजच."

मॅडमनी ऋतुजाच्या गालाला हात लावला.

"मग बाळा, दहावीच्या निरोप समारंभापर्यंत येईल बघ तुझी वेणी."